नागपूरहून टेनिस पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच कशी पाहायची हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. टेनिसचं तसं नाही. टीव्हीवर विम्बल्डन रात्र-रात्र जागून पाहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष कोर्टावर जायचं म्हटलं की साध्या-साध्या शंका निघतात. ओळखीतले लोक ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत.

नागपुरातच व्यावसायिक टेनिस पाहायला मिळत नाही का?

एटीपी (पुरुषांची) किंवा डब्ल्यूटीए (महिलांची) या व्यावसायिक मालिकांतली मोठी स्पर्धा आपल्याकडे होत नाही. आशा ठेवायची ती आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धांची. व्यावसायिक टेनिसची ही सगळ्यात खालची पायरी. पुरुषांची एम15, एम25 आणि महिलांची डब्ल्यू15, डब्ल्यू35 अशी नावं असतात. अशा स्पर्धा भारतात पुणे, सोलापूर, नवी मुंबई अशा शहरांत होत असतात आणि आयटीएफच्या वेबसाइटवर त्यांचं वेळापत्रक आधीच लागतं. त्यात नागपूरचं नाव दिसलं तर बाकीचं काम सोडून पाहायला जा. रामनगरच्या कोर्टांकडे एरवीही एखाद्या सकाळी चक्कर मारावी. राज्य पातळीची पोरं सराव करताना पाहिली तरी खेळाचा वेग किती असतो ते कळतं.

एम15 स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 15,000 डॉलर असते. ती एकेरीच्या बत्तीस जणांच्या ड्रॉमध्ये (कोण कोणाशी खेळणार त्या यादीत) आणि दुहेरीत वाटली जाते. एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. त्यातून हॉटेल, विमान, रॅकेटच्या तारा हे सगळं भागवायचं. हे माहीत असलं की समोरचा मुलगा ब्रेक पॉइंट (हरला तर स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जाईल असा गुण) वाचवताना चेहरा असा का करतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग जायचं कुठे?

पुणे किंवा मुंबई. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. चेन्नईची एटीपी 250 स्पर्धा 2018 मध्ये इथे आली आणि 2023 पर्यंत टाटा ओपन महाराष्ट्र या नावाने खेळली गेली. दक्षिण आशियातली त्या दर्जाची ती एकमेव स्पर्धा होती. ती गेली याचं दुःख आहेच. 2019 ची फायनल तर अजून लोकांच्या तोंडी असते. केविन अँडरसन आणि इवो कार्लोविच, दोघंही दोन मीटरहून उंच, तिन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये. अँडरसन जिंकला तो 7-6, 6-7, 7-6 असा. कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता.

2024 आणि 2025 मध्ये त्याच संकुलात एटीपी चॅलेंजर 100 दर्जाची, म्हणजे एटीपी 250 च्या खालच्या पायरीची, स्पर्धा झाली. मुंबईत चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर महिलांची डब्ल्यूटीए 125 स्पर्धा झाली आहे. पुण्याचं चॅलेंजर आणि 2024, 2025 ची मुंबईची स्पर्धा फेब्रुवारीतच झाली. तारखा दरवर्षी पक्क्या झाल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करू नका, पण झाल्या झाल्या करा.

चॅलेंजर म्हणजे दुय्यमच ना? नावंसुद्धा ओळखीची नसतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लोक नाव पाहायला जातात आणि नाव नसलं की पैसे वाया गेले असं म्हणतात.

आधी आकड्यांचा अर्थ. चॅलेंजर 100 म्हणजे विजेत्याला जागतिक क्रमवारीचे 100 गुण. एटीपी 250 ला 250, ग्रँड स्लॅमला 2000. म्हणजे शिडी एकच, पायऱ्या वेगळ्या. चॅलेंजर खेळणारे खेळाडू साधारण शंभर ते तीनशे क्रमांकाच्या आसपासचे असतात. जगात इतके लोक टेनिस खेळतात, त्यातला दोनशेवा माणूस सर्व्हिस कशी करतो हे दहा फुटांवरून एकदा पाहा, मग 'दुय्यम' म्हणा.

आता नावांचं. 2024 मध्ये बालेवाडीचं चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकलं. तेव्हा त्याला ओळखणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऑक्टोबर 2025 मध्ये हाच माणूस 204 व्या क्रमांकावरून पात्रता फेरी खेळत शांघाय मास्टर्सचा विजेता झाला. उपान्त्य फेरीत त्याने जोकोविचला हरवलं आणि फायनलमध्ये स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला. मुंबईत 2017 च्या नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूटीए 125 जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती आर्यना सबालेंका. पुढे ती जगात पहिली आली, ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन प्रत्येकी दोनदा जिंकली. त्या वेळी क्लबच्या कोर्टाशेजारी खुर्ची टाकून ज्यांनी तिला पाहिलं, त्यांना आज तसं पाहायला मिळायचं नाही, कितीही पैसे मोजले तरी.

म्हणून माझं मत ठाम आहे. मोठ्या नावाची वाट पाहत बसू नका. ते आलं की आपण सातव्या मजल्याइतक्या उंचीवर बसलेलो असतो.

आठवड्यातला कोणता दिवस निवडावा?

एकच दिवस मिळत असेल तर मंगळवार किंवा बुधवार. सहसा रविवार-सोमवारी पात्रता फेरीचे सामने होतात, सोमवारपासून मुख्य ड्रॉ सुरू होतो आणि पुढच्या शनिवार-रविवारी फायनल. मंगळवार-बुधवारी तीन-चार कोर्टांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामने चालू असतात, एकेरीही आणि दुहेरीही. एक कंटाळवाणा वाटला की दुसऱ्या कोर्टावर जा.

फायनलच्या दिवशी काय असतं? एक एकेरीचा सामना, एक दुहेरीचा, बक्षीस समारंभ आणि भाषणं. सामना एकतर्फी झाला तर सव्वा तासात सगळं आटोपतं. नागपूरहून रात्रभर प्रवास करून तेवढ्यासाठी जाणं मला पटत नाही. पण घरच्यांना 'फायनल पाहिली' हे सांगायचं असतं, तेही समजू शकतो.

पात्रता फेरीची मजा आणखी वेगळी. गर्दी नसते, खेळाडू जिवावर उदार होऊन खेळतात, कारण जिंकला तर आठवडाभराचा मुक्काम, हरला तर उद्याचं विमान. कधी कधी शेवटच्या फेरीत हरलेला खेळाडू तिथेच रेंगाळतो. मुख्य ड्रॉमधल्या कोणी माघार घेतली तर त्याला 'लकी लूझर' म्हणून आत घेतात. तो क्लबच्या पायरीवर बूट न काढता बसलेला दिसतो.

नागपूरहून प्रवासाचं कसं करायचं?

पुण्यासाठी रात्रीची गाडी बरी. गरीबरथ आठवड्यातले काहीच दिवस असते, आझाद हिंद हावड्याहून येते, तेव्हा वेळेचा भरवसा थोडा हातचा राखून ठेवा. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. बारा तासांच्या आसपास घेते, पण ती सकाळी निघून रात्री पोचते. म्हणजे जाताना एक दिवस गाडीतच जातो. येताना मात्र सोयीची आहे: पुण्याहून भल्या पहाटे निघा, संध्याकाळी घरी.

ट्रॅव्हल्सची बस हा बहुतेकांचा पर्याय. वाघोली-खराडीकडून ती शहरात शिरते आणि बालेवाडी शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तुमची बस वाकडपर्यंत जाते का ते तिकीट काढतानाच विचारा. नाहीतर सकाळच्या गर्दीत पुणे आडवं पार करण्यात पहिला सामना गेलाच समजा. स्वतःची गाडी असेल तर समृद्धीने छत्रपती संभाजीनगर, तिथून अहिल्यानगरमार्गे पुणे. मुंबईला जायचं तर विदर्भ, सेवाग्राम, दुरंतो आहेतच. सीएसएमटीवर उतरा, चर्चगेट तिथून जवळ.

तिकीट किती?

आयटीएफच्या स्पर्धांना आपल्याकडे सहसा तिकीट नसतं, सरळ आत जाऊन बसायचं. चॅलेंजरचं त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावं. क्लबमध्ये स्पर्धा असेल तर बाहेरच्यांना कोणत्या फाटकातून सोडतात आणि पास लागतो का हे निघण्याआधी विचारून घ्या. सव्वाआठशे किलोमीटर जाऊन वॉचमनशी वाद घालायची वेळ येऊ नये.

ऑर्डर ऑफ प्ले म्हणजे काय? सामना नेमका किती वाजता?

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांचा कोर्टवार क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, त्याला ऑर्डर ऑफ प्ले म्हणतात. त्यात फक्त पहिल्या सामन्याची वेळ पक्की असते. त्याखाली 'फॉलोड बाय' लिहिलेलं असतं, म्हणजे आधीचा संपला की हा. आधीचा पन्नास मिनिटांत संपेल किंवा तीन तास चालेल. 'नॉट बिफोर' असं लिहून वेळ दिली असेल तर त्याआधी सुरू होणार नाही एवढीच हमी. तेव्हा 'माझा आवडता खेळाडू चौथ्या नंबरवर आहे, मी दुपारचं जेवून येतो' हा हिशेब करू नका. वर कोणी जखमी होऊन सामना सोडला तर तुम्ही जेवत असताना त्याचा पहिला सेट झालेला असेल.

ओरडता येतं का? जामठ्यासारखं वातावरण असतं का?

येतं, पण आपल्या वेळेला नाही, खेळाच्या वेळेला. गुण संपला की हवं तेवढं ओरडा, टाळ्या वाजवा, नाव घ्या. खेळाडू सर्व्हिससाठी बेसलाइनवर येऊन चेंडू आपटायला लागला की गप्प. दोन गुणांमध्ये 25 सेकंदांचं घड्याळ असतं, म्हणजे ओरडायला तसा पुष्कळ वेळ मिळतो.

ही शांतता नुसती इंग्रजी शिष्टाचाराची हौस नाही. समोरच्याच्या रॅकेटवर चेंडू कसा वाजला यावरून खेळाडू त्याचा वेग आणि फिरकी ओळखतो. सपाट फटक्याचा आवाज टणक येतो, कापलेल्या चेंडूचा खरवडल्यासारखा. ताशी दोनशे किलोमीटरच्या सर्व्हिसला डोळ्यांनी पाहून मग विचार करायला वेळच नसतो. शिवाय सर्व्हिस करणारा वर फेकलेल्या चेंडूकडे पाहत असतो, तेवढ्यात मागून कोणी 'चल भाऊ' म्हटलं की लय गेली.

दुहेरी चूक झाली की टाळ्या वाजवू नयेत असं म्हणतात. भारतीय खेळाडू खेळत असला की हे कोणी पाळत नाही, हेही तितकंच खरं. आणि प्रत्येक गुणावर 'ऑऽऽऊट' म्हणून पंचांच्या आधी निकाल देणारा एक जण प्रत्येक स्टँडमध्ये असतो. तो तुम्ही होऊ नका.

मधेच उठून जाता येतं का?

बाजू बदलताना. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर खेळाडू बाजू बदलतात. पहिल्या गेमनंतर ते बसत नाहीत, पुढच्या वेळांना 90 सेकंद मिळतात, सेट संपल्यावर दोन मिनिटं. तेवढ्यात उठा, तेवढ्यातच परत या. कोर्टाच्या टोकाकडच्या, म्हणजे खेळाडूच्या नजरेसमोरच्या जागांवर हे फार कडक पाळतात. छोट्या कोर्टांवर तर तुमची हालचाल थेट त्याच्या डोळ्यात जाते आणि पंच माइकवरून तुम्हालाच बसायला सांगतात. सगळं स्टँड वळून पाहतं.

बसावं कुठे, आणि पाहावं काय?

टीव्हीवरचा कॅमेरा नेहमी कोर्टाच्या मागे, वर असतो. तिथून कोन कळतात पण वेग कळत नाही, आणि चेंडू जाळीवरून किती उंच जातो तेही कळत नाही. म्हणून निदान एक सेट बाजूला, खालच्या रांगेत, जाळीच्या रेषेत बसून पाहा. मान दुखेल, पण टॉपस्पिन चेंडू जाळीच्या हातभर वरून जाऊन शेवटच्या क्षणी कसा खाली पडतो ते दिसेल. मग एक सेट मागच्या बाजूला, जमेल तितकं खाली. तिथून सर्व्हिस आपल्याकडे येताना दिसते. बाहेर वळणारी वाइड सर्व्हिस घ्यायला खेळाडूला कोर्टाच्या किती बाहेर जावं लागतं हे तिथूनच उमगतं.

चेंडू पाहायचं थोडा वेळ सोडून द्या. एकाच खेळाडूच्या पायांकडे पाहा. समोरचा फटका मारणार तेवढ्यात तो एक छोटी उडी घेतो, दोन्ही पाय जमिनीला एकदम टेकतात आणि तिथून तो हवा त्या दिशेला सुटतो. प्रत्येक फटक्याला हे असतं, तीन तास. तिसऱ्या सेटमध्ये ती उडी उशिरा पडायला लागली की समजा माणूस थकला. स्कोअरबोर्डवर ते नंतर दिसेल.

प्रशिक्षकाकडेही लक्ष ठेवा. स्टँडमधून सूचना द्यायला आता नियमानेच परवानगी आहे. कोणत्या बाजूला सर्व्हिस करायची ते तो एका शब्दात सांगतो, कोणत्या तरी अनोळखी भाषेत. आणि चेंडूंकडे पाहा: मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. नवे चेंडू जास्त वेगाने जातात. जाणकार खेळाडू नव्या चेंडूंनी सर्व्हिस करताना समोरच्याला हात वर करून ते दाखवतो.

सकाळी लवकर पोचलात तर सराव कोर्ट चुकवू नका. सामन्यापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं, आणि तिथे खेळाडू हसतात, एकमेकांना चिडवतात.

दुहेरी पाहण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि आपल्याकडच्या स्पर्धांत तर नक्कीच, कारण भारतीय खेळाडू दुहेरीत पुढपर्यंत जातात. बालेवाडीत 2019 मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन जिंकले. बोपण्णा पुढे 2024 च्या जानेवारीत, वयाच्या 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात पहिला झाला.

नियम थोडे वेगळे. ड्यूस (40-40 बरोबरी) झाला की पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला तर तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो. त्यामुळे सामना सहसा दीड तासाच्या आत संपतो. कबड्डी आवडणाऱ्याला एकेरीपेक्षा दुहेरी जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

फोटो, व्हिडिओ, मोबाइल?

फोन सायलेंटवर, फ्लॅश बंद. एवढं पाळलं तर फोटोला सहसा कोणी अडवत नाही. पण प्रत्येक गुणाचा निकाल लगेच फोनवर कळवत बसलात तर सुरक्षारक्षक येऊन बाहेर काढू शकतो. कोर्टावरून गुण पाठवून त्यावर सट्टा लावणारे लोक जगभर फिरतात, आणि छोट्या स्पर्धा त्यांच्या खास आवडीच्या. तुम्ही घरच्या ग्रुपवर साळ्याला स्कोअर कळवत होता हे त्या बिचाऱ्या रक्षकाला पटवून देणं कठीण.

मुलांना न्यावं का?

शाळेत जाणाऱ्या, खेळ आवडणाऱ्या मुलांना जरूर. दीड-दोन वर्षांच्या बाळाला नको, गरम होतं आणि शांत बसवताना तुमचाच सामना जातो. सही हवी असेल तर मोठा चेंडू आणि जाड मार्कर घरूनच न्या. हरलेल्या खेळाडूच्या वाटेत उभे राहू नका, जिंकलेला थांबतो. आणि खेळाडूने लहान मुलाला दिलेली टोपी किंवा चेंडू मोठ्यांनी मधल्यामध्ये हिसकावू नये. 2025 च्या यूएस ओपनमध्ये एका गृहस्थाने हे केलं आणि जगभर त्याची शोभा झाली.

2023 मध्ये साताऱ्याचा मानस धामणे बालेवाडीत वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मायकेल ममोकडून 2-6, 4-6 असा हरला. 2025 मध्ये मुंबईत माया राजेश्वरन त्याच वयात उपान्त्य फेरीपर्यंत गेली. तुमच्याबरोबर बसलेल्या आठवीतल्या मुलीला हे सांगा, बाकी काही सांगायची गरज नाही.

बॅगेत काय घ्यावं?

टोपी, गॉगल, दुपट्टा, पाणी. बाटली आत सोडतात का ते फाटकावरच कळेल. फेब्रुवारीत पुण्याची सकाळ बोचरी असते आणि दुपारी बारानंतर सिमेंटच्या पायऱ्या तापतात, म्हणून बसायला काहीतरी घ्या. आपल्याला उन्हाचं कौतुक नाही, पण मे महिन्यात आपण उन्हात आठ तास बसत नाही हे विसरू नका.

खायचं काय?

आत वडापाव, सँडविच, कॉफी यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. बाहेर बाणेर-बालेवाडीत हॉटेलांची रांग आहे. सकाळी पोहे मिळतील, त्यावर तर्री मिळणार नाही. मागूही नका, सांबार आणून देतात.

रविवारी फायनल पाहून त्याच रात्री परत निघता येईल का?

फायनल दुपारी असेल तर आरामात. संध्याकाळची असेल तर रात्री दहानंतर वाकडहून सुटणारी किंवा तिथून जाणारी बस धरा, स्टेशनकडे धावू नका. तिसरा सेट टायब्रेकला गेला की कोणी उठत नाही, तुम्हीही उठणार नाही. आणि सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा, बस दुपारच्या जेवणापर्यंतच पोचते.